तीन नंबरचं वारं

धाकट्याने भोकाचं बूच काढलं आणि मीटर चालू करायच्या आधी भोकावर अंगठा धरला. ही त्याची जुनी खोड. वारा अंगठ्याला ढकलतो की नाही ते आधी बघायचं, आकडे मागाहून. आज अंगठ्याला लागलं ते वारं कसलं, म्हाताऱ्याने चहावर घातलेली फुंकर.

“येतंय का काही?” खालून मेंटेनन्सच्या साहेबांनी विचारलं.

“बघतो.”

तो पोटावर पडला होता. खाली वॉर्डचं खोटं छत. त्याच्यावर भार पडला तर माणूस सरळ कुणाच्या तरी खाटेवर, म्हणून लोखंडी पट्ट्यांवर एक फळी टाकलेली आणि फळीवर हा. शेजारून पत्र्याचा डक्ट गेलेला. त्याला तीन खोल्यांचे तीन फाटे, प्रत्येक फाट्याला मोजायचं एक भोक आणि हवा कमीजास्त करायची एक झडप. तीन नंबरचा फाटा सगळ्यात शेवटी. पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला येतं तेवढंच त्याच्या वाट्याला येणार, हे धाकट्याला मोजायच्या आधीच माहीत होतं. पण तीन नंबरमध्ये त्याची ताई होती, म्हणून मोजायचं होतं.

त्याने पिशवीतून पिटो ट्यूब काढली. दिसायला साधी वस्तू, टोकाशी काटकोनात वाकवलेली स्टीलची बारीक नळी. तिच्या नाकाला एक भोक असतं, ते वाऱ्याच्या तोंडावर धरायचं. गालांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यांना वाऱ्याचा धक्का लागत नाही, नुसता डक्टमधला दाब कळतो. मागून दोन रबरी नळ्या निघतात, त्या मीटरला जोडायच्या. एका दाबातून दुसरा वजा केला की वाऱ्याचा जोर निघतो आणि जोरावरून वेग. नळी या कडेपासून त्या कडेपर्यंत थांबत थांबत न्यायची, कारण कडेला वारा रेंगाळतो आणि मध्यावर पळतो. मधलाच एक आकडा घेऊन मोकळे होणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. धाकटा त्यातला नव्हता.

नळी आत गेली. मीटरवर आकडा आला, आणि त्याच्या आधी उणेची रेघ.

उणे म्हणजे वारा उलटा. म्हणजे डक्ट खोलीत स्वच्छ हवा सोडायचं सोडून खोलीतलीच हवा वर ओढतोय, आणि तिची भरपाई दाराच्या फटीतून, बाहेरच्या खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या जगातून.

“साहेब! उलटं वाहतंय! तीन नंबरचं उलटं वाहतंय हो!”

साहेब जाड अंगाचे होते. शिडी करकरली, मग त्यांचं घामेजलेलं तोंड वर आलं. त्यांनी मीटरकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं. मग दोन्ही रबरी नळ्या मीटरवरून उपटल्या आणि अदलाबदल करून लावल्या. उण्याची रेघ गेली.

“उलट्या लागल्या होत्या,” ते म्हणाले. “होतं.”

होत नाही. निदान धाकट्याच्या हातून तरी होत नाही. नवीन लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात ही चूक करतात आणि मग जन्मभर त्यावरून चिडवून घेतात. चिडवण्यात सगळ्यात पुढे हाच असायचा.

“घरचं माणूस आत असलं की होतं,” साहेब म्हणाले. “बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मी लिफ्टमध्ये शिरलो आणि बटणच दाबलं नाही. कितीतरी वेळ उभा आपला. वाटलं, काय बाई हा उंच दवाखाना!”

धाकटा हसला. मग सगळे आकडे घेतले, सरासरी काढली. वारं सरळ होतं, पण हवं त्याच्या निम्म्याहून जेमतेम वर.

“पंखा?”

“पूर्ण जोरात आहे. फिल्टर चोंदलेत. नवे मागवलेत, ते बंदरात अडकलेत. हे काढून टाकतो म्हणालात तर हवा धो धो येईल, पण न गाळलेली.” साहेबांनी कपाळ पुसलं. “पहिल्या खोलीलाही कमीच आहे, दोनलाही कमीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

हे धाकट्याला कळत होतं. स्वतः तोही गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता. फरक एवढाच, की आजवर आडही दुसऱ्याचा असायचा आणि तहानही दुसऱ्याची.

ताईचं रक्त नासलं होतं. डॉक्टरांनी औषधांनी ते जुनं रक्त मुळासकट मारून टाकलं आणि धाकट्याच्या हाडातला मगज काढून तिला दिला. भावाबहिणीचा मेळ असा शंभर टक्के बसणं म्हणजे नशीब, असं ते म्हणाले होते. आता तो मगज धरायचा होता. धरला की नवं रक्त तयार होणार. तोवर तिच्या अंगात कशालाच तोंड द्यायची ताकद नाही, साधी बुरशीसुद्धा पुरे. म्हणून ती काचेची खोली, म्हणून गाळलेली हवा. दवाखान्याच्या हवेचं काम धाकट्याच्याच कंपनीकडे होतं. त्याने हात जोडून ते मागून घेतलं. बाकीचं सगळं डॉक्टरांच्या हातात आणि वरच्याच्या हातात. त्याच्या हातात काय, तर ही एक नळी.

तो हात धुऊन काचेपाशी आला. ताईने आतला फोन उचलला.

“काय रे वासरा, उतरलास वरून?”

लहानपणी तो कानात वारं शिरलेल्या वासरासारखा उधळायचा म्हणून हे नाव पडलं. आई गेल्यावर ताईनेच त्याला दावणीला बांधला, हे तिचं म्हणणं.

“जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले,” ताई म्हणाली. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. “आणि आता सख्ख्या भावाशी बोलायलाही फोनच. वारं कसं आहे आमचं?”

“जरा कमी आहे. वाढवतो.”

“तुझ्या त्या वाकड्या नळीला कसं कळतं रे?”

“दाब कळतो. दाबावरून वेग काढायचा. दाब चौपट झाला की वेग दुप्पट होतो.”

“मग तुझ्यासारखीच की. चार हाका मारल्या तर दोन ऐकू यायच्या.”

तो हसला. काचेवर त्याचा श्वास उमटला, तो त्याने बाहीने पुसला.

“डॉक्टर काय म्हणाले? धरलं का?”

“झोपलंय अजून. तुझंच रक्त ना ते! लाथ घातल्याशिवाय कधी उठलायस तू? उठेल सावकाश.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेब जेवायला गेले असताना, धाकटा परत फळीवर चढला. दोन नंबरच्या झडपेचा नट सैल केला, दांडी थोडी फिरवली, नट आवळला. मग आणखी थोडी फिरवली. तीन नंबरची झडप आधीच सताड उघडी होती. त्याने पुन्हा नळी घातली, पुन्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला. तीन नंबरचा आकडा चांगलाच चढला होता. हवा कुठून आकाशातून आली नव्हती. शेजारच्याच्या ताटातली काढून ताईच्या ताटात वाढली होती, एवढंच. दोन नंबरचा आकडा त्याने घेतला नाही. बूच लावून टाकलं आणि उतरला.

“वाढली!” त्याने फोनवर सांगितलं.

“हो का? तरीच!” ताईने तोंड वर करून जाळीकडे पाहिलं. “कसं मस्त लागतंय. हुशार हो माझं वासरू.”

किती दिवसांनी त्याला भूक लागली. खालच्या कँटीनमध्ये जाऊन तो पोटभर जेवला.

दोन नंबरमध्ये एक शिंपी होता. त्याची बायको व्हरांड्याच्या बाकावर दिवसभर बसून शर्टांना काजं करायची. दुकान बंद ठेवून कसं चालेल, गिऱ्हाइकं काय आजारपण संपायची वाट बघतात, असं म्हणायची. तिच्या बोटांना क्षणाची उसंत नसायची. धाकट्याशी तिची बाकावरची ओळख. थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी त्याला द्यायची.

“भाऊ, ते वरचं हवेचं काम तुम्हीच बघता ना?” एकदा तिने विचारलं.

“हो, वहिनी.”

“आमच्या ह्यांच्या खोलीचं बरं आहे ना हो सगळं?”

चहा गरम होता म्हणून धाकटा फुंकर घालत राहिला. “बरं आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही आहात म्हणून धीर वाटतो. नाहीतर आम्हाला काय कळतंय त्यातलं!”

तो चहा त्याला नकोसा झाला. तरी प्यायला. न पिऊन सांगणार काय? उठून तो काचेपाशी गेला आणि ताईला पाहून आला. ताई चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. तिने हात हलवला. बरी दिसतेय, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग आपल्या माणसाचं आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं, असंही सांगितलं. ते खरं होतं, पण बाकावर परत जायला पाय धजेनात. त्या दिवसापासून तो जिन्याच्या पायरीवर बसू लागला.

मग शिंप्याला ताप भरला.

सकाळी धाकटा आला तेव्हा दोन नंबरच्या दारात दोघी-तिघी सिस्टर होत्या, आणि शिंप्याची बायको बाकावर नुसती बसली होती. सुई नाही, शर्ट नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काल रात्रीपर्यंत बोलत होते हो चांगले.”

ताप कशाने आला ते कुणाला सांगता येत नव्हतं. हवेमुळे असं डॉक्टर म्हणाले नाहीत, हवेमुळे नाही असंही म्हणाले नाहीत. असा ताप या वॉर्डात येतो, एवढंच म्हणाले. धाकट्याने पिशवी उचलली आणि शिडी चढला.

दोन नंबरचं बूच काढून त्याने अंगठा धरला. अंगठ्याला काही म्हणता काही लागलं नाही. नळी घातली तर मीटरवरचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळत होता. “अरे देवा,” तो स्वतःशीच म्हणाला, “काय करून बसलो मी!”

त्याने पाना घेतला. नट सैल केला. पण दांडी फिरवायची म्हणजे ताईची हवा काढून घ्यायची. त्याने दांडी धरली आणि तसाच पडून राहिला. इकडे फिरवली तर ताईला कमी, तिकडे फिरवली तर शिंप्याला. मध्ये कुठे ठेवली तर दोघंही अर्धी. अशी जागाच नव्हती, जिथे ठेवून त्याला सुखाने खाली उतरता आलं असतं.

निदान ताईकडे आज किती आहे ते तरी बघू, म्हणून तो सरपटत तीन नंबरच्या फाट्यापाशी गेला आणि बूच काढलं.

डक्टमधून माणसांचं बोलणं येतं. खोलीतल्या जाळीतून शिरतं आणि पत्र्यापत्र्यातून वर चढतं. हवा मोजणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं, आणि ते ऐकायचं नाही, ही या कामातली रीत. कुणी शिकवत नाही, पण पाळतात सगळे. धाकट्याने कितीतरी घरांची, कचेऱ्यांची भांडणं अशी बूच दाबून परत आत ढकलली होती. आताही त्याचा हात बुचाकडे गेला.

“आणखी एक ब्लँकेट देऊ का ताई? हुडहुडी भरलीय तुम्हाला.” हा सिस्टरचा आवाज. “ही वरची हवा फार झोंबतेय. तुमच्या भावाला सांगते थोडी कमी करायला.”

“नको, नको. अजिबात सांगू नका.” ताईचा आवाज बारीक होता, फोनवर असायचा तसा खणखणीत नव्हता. “लागू दे गार. त्याने वाढवलीय ती माझ्यासाठी. इतका खूश झाला होता, सिस्टर! तुम्ही तोंड बघायला हवं होतं त्याचं.”

“अहो, पण तुम्हाला त्रास होतोय.”

“आता मला कसला त्रास वाचवायचाय? डॉक्टरांनी सांगितलंच ना परवा.”

ब्लँकेट झटकल्याचा आवाज आला.

“त्यालाही सांगायला हवं, ताई. कधीतरी.”

“सांगेन. मीच सांगेन. त्याचं दिलेलं धरलं नाही, हे कळलं की तो स्वतःला खात बसेल. त्याला वाटेल, आपलंच काहीतरी कमी पडलं. लहानपणापासून तसाच आहे तो. काच फुटली शेजाऱ्यांची तरी हा रडायचा.” ताई दम खायला थांबली. “वर चढून मोजत असतो ना, तेवढा वेळ बरा असतो. मोजू दे. हवा कमी करा म्हटलं तर त्या बिचाऱ्याला उरलं काय?”

धाकट्याच्या हातात बूच होतं. ते लावायचं असतं हे त्याला आठवलं नाही. भोकातून वारं येत होतं, ते त्याच्या डोळ्यांवर, गालांवर लागत होतं, आणि खरंच गार होतं. त्याने तोंड मनगटात खुपसलं, कारण खालचं वर ऐकू येतं तसं वरचंही खाली जातं.

रडू आवरायला वेळ लागला. मग त्याने तीन नंबरचं बूच लावलं. सरपटत दोन नंबरपाशी आला आणि दांडी पूर्ण उघडली. तिथून परत जाऊन तीन नंबरची झडप थोडी आवळली, मग आणखी थोडी. दोन्ही नट घट्ट केले. दोन नंबरला नळी घालून या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळे आकडे घेतले. शिंप्याच्या खोलीत आता वारं होतं. उशीर झाला होता की नाही हे सांगणारं मीटर त्याच्या पिशवीत नव्हतं.

खाली आल्यावर शिंप्याच्या बायकोने विचारलं, “भाऊ, काही बिघडलं होतं का?”

“हो,” तो म्हणाला. “झडप लागली होती. माझ्याच हातून. आता उघडलीय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. “बरं झालं बघितलंत,” ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि काचेपाशी गेला. ताई उठून बसली होती. अंगावरचं एक ब्लँकेट तिने पायांवर ढकललं होतं. फोन उचलताना आवाज पुन्हा खणखणीत.

“काय रे, डोळे का लाल?”

“धूळ आहे वर.”

“मग बांधत जा की काहीतरी तोंडाला. दुसऱ्यांची हवा गाळतोस आणि स्वतः धूळ खातोस.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “मोजलंस का आज?”

“मोजलं.”

“मग? वाढलं?”

धाकट्याने आजवर कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही, मालकाने डोळे वटारले तरी नाही.

“वाढलं,” तो म्हणाला. “कालच्यापेक्षाही जास्त आहे आज.”

ताईने तळहात वर करून जाळीखाली धरला. वरून जे काही येत होतं, ते तिने बराच वेळ हातावर घेतलं. धाकट्याला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो त्या हाताकडे बघत राहिला. हुडहुडी थांबलेली दिसत होती.

“हो रे,” ताई म्हणाली. “लागतंय की! कालच्यापेक्षा खूपच जास्त आहे.”

फोनमध्ये एकमेकांचे श्वास ऐकू येत होते.

“उद्या परत मोजशील ना?” तिने विचारलं.

“मोजेन,” तो म्हणाला. “रोज मोजेन, ताई.”